आण्णा हसले ते त्या पट्टीला

वाचक लिहितात:

«मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, वय 36, एका कारखान्याचे हिशेब बघते. घरात आई, आण्णा आणि मी. आण्णा 67 वर्षांचे. उद्यमनगरात 41 वर्षं पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने करायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या शॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन आलं आणि त्यांनी काम सोडलं. तेव्हापासून सकाळी पेपर, दिवसभर टीव्ही, संध्याकाळी रंकाळ्यावर एक चक्कर. बोलणं जेवढ्यास तेवढं. दादा जर्मनीत असतो. दिवाळीला येताना त्यानं त्यांच्यासाठी लाकडी जहाजाचं किट आणलं. बीगल, डार्विन ज्यातून गेला ते जहाज, 1:60 मापाचं. आण्णांनी खोकं उघडलं, एक फळी उचलून बघितली आणि म्हणाले, ‘सगळं कापूनच दिलंय की. आता ह्यात करायचं काय? पोरांचं खेळणं हाय हे.’ खोकं कपाटावर गेलं.

गुढीपाडव्यानंतर मीच ते खाली काढलं. मी सुरू केलं की तेही येऊन बसतील असं वाटलं. ते काही बसले नाहीत, मला मात्र नाद लागला. सांगाडा उभा केला, उजव्या बाजूला आठ पट्ट्या फेव्हिकॉलनं चिकटवल्या. आता जहाजाचं नाक 4 मिलिमीटर एका अंगाला गेलंय. नाकाशी पट्ट्या एकमेकींवर चढतायत, मध्येच फटी पडल्यात. आणखी एक विचित्र प्रकार. मापाला मी आण्णांच्या पेटीतली स्टीलची पट्टी घेते, पण कापलेला प्रत्येक तुकडा लांब भरतो. नकाशात 300 मिलिमीटर लिहिलेली डोलकाठी कापून नकाशावर ठेवली तर टोक बाहेर. त्या दिवशी आण्णा दारात आले, माझ्या हातातली पट्टी बघितली, हसले आणि निघून गेले. मला ते फार लागलं.

हे जहाज वाचेल का, की छोटं किट आणून पहिल्यापासून शिकू? आणि आण्णांना ह्यात कसं ओढू?»

ताई,

आधी त्या पट्टीचं मिटवू, कारण तुमच्या सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. तुमच्या हातात आहे ती साधी फुटपट्टी नव्हेच. ती श्रिंकेजची पट्टी आहे. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं, मीटरला साधारण 10 मिलिमीटर. म्हणून पॅटर्न मूळ मापाहून तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी गुणाकार कोण करत बसणार? पॅटर्नमेकरची पट्टीच ताणून बनवलेली असते. तिच्यावरचे 300 म्हणजे खरे 303. टोकाशी बारीक अक्षरात आकडा कोरलेला असेल, भिंगातून बघा. अ‍ॅल्युमिनियम याहून जास्त आकसतं, स्टील त्याहूनही जास्त, त्यामुळे पेटीत अशा दोनतीन निघाल्या तर दचकू नका.

डोलकाठीचं काही बिघडलं नाही, बुंध्याकडून 3 मिलिमीटर कापा. आण्णा हसले ते तुम्हाला नव्हे. उद्यमनगरातल्या कुठल्याही जुन्या कारागिराला विचारा, नवीन पोरानं श्रिंकेजची पट्टी घेऊन टेबल मोजलं की सगळं शॉप हसतं. तो तिथला जुनाच विनोद आहे. तीन वर्षांत आण्णा दुसऱ्या कशाला हसल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हे हसू मी जरा जपून ठेवतोय, पुढं लागेल.

आता ‘सगळं कापूनच दिलंय की’ याबद्दल. हे तुम्ही माणसाचा हेकटपणा म्हणून लिहिलंय. मला तसं वाटत नाही. किटातल्या फळ्यांच्या कडा काळ्या असतात, बघितल्यात ना? लेझरनं जळून झालेला काळेपणा तो. ज्या माणसानं 41 वर्षं रंधा आणि पटाशी घेऊन कड सरळ केली आणि शेवटी मशीन आलं म्हणून घर गाठलं, त्याच्या हातात पोरानं कौतुकानं मशीननंच कापलेली फळी ठेवली. दादाचा त्यात दोष नाही, त्यानं खोक्यावरचं चित्र बघून घेतलं असणार. पण आण्णांच्या बाजूनं ती फळी एकदा हातात घेऊन बघा.

आणि त्यांचं म्हणणं अर्धं बरोबरही आहे. सांगाडा जुळवणं म्हणजे खाचेत खाच बसवणं, त्याला कसब लागत नाही. कसब तिथून पुढं सुरू होतं, जिथं तुम्ही अडलात. खोक्यातून येतात सरळ पट्ट्या, दीड मिलिमीटर जाड, 5 मिलिमीटर रुंद, आणि जहाजाच्या अंगाला सरळ रेघ औषधालासुद्धा नसते. इथं लेझर काही कामाचा नाही. प्रत्येक पट्टी हातानं निमुळती करायची, वाकवायची, बसवून बघायची, परत तासायची. हे आण्णांनी बघितलेलंच नाही, त्यांनी वरची एक फळी बघून खोकं मिटलं.

जहाज वाचेल का? वाचेल. पण त्या आठही पट्ट्या काढाव्या लागतील.

तुमच्या चुका दोन, आणि दोन्ही मी केलेल्या आहेत. माझं पहिलं जहाज मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर अजून आहे, समोरून बघितलं तर केळ्यासारखं. मीही एक बाजू पुरी करून मग दुसरीकडं वळलो होतो. वाकवून बसवलेली प्रत्येक पट्टी सरळ व्हायला बघते आणि सांगाड्याला आपल्याकडं ओढते. एका अंगाला आठ जणी ओढतायत, दुसऱ्या अंगाला कुणीच नाही, मग कणा बिचारा जाणार कुठं? एक पट्टी उजवीकडं लावली की लगेच जोडीची डावीकडं, हा नियम मोडायचा नाही. माझ्या त्या जहाजाची डावी बाजू लावून पीळ निघेल असं मला वाटलं होतं. निघाला नाही, पक्का झाला. म्हणून तुम्हाला काढायला सांगतोय.

फेव्हिकॉल वापरलात हे फार बरं झालं. केमिकलच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. बारीक ब्रशनं ते सांध्यावर लावायचं, दहापंधरा मिनिटं थांबायचं, परत लावायचं. गोंद पांढरा पडून मऊ होतो, मग पातळ पातं आत सरकवून पट्टी सोडवायची. घाई केलीत तर पट्टी तुटेल, तुटू दे, सांगाड्याची फासळी तुटता कामा नये. हे काम स्वयंपाकघरात करू नका, अल्कोहोल चटकन पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा. कुठं फेव्हिक्विक लावलं असेल तर त्याला अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं ते, चालतं. पट्ट्या निघाल्या की ओल्या सांगाड्याला सरळ फळीवर दोन बाजूंनी शिकंजे लावून दोन दिवस तसाच ठेवा.

दुसरी चूक नाकाशी आहे, आणि ही समजली की बाकीचं सोपं आहे. जहाजाच्या पोटाचा घेर मध्ये मोठा, नाळेकडं, म्हणजे नाकाकडं, लहान. समजा मधल्या फासळीवर डेकपासून कण्यापर्यंत कागदाची पट्टी ठेवून घेतलेलं माप 90 मिलिमीटर आलं. 5 मिलिमीटरच्या 18 पट्ट्या बसल्या. तीच मापाची पट्टी नाळेजवळच्या फासळीवर ठेवलीत तर 54 भरते. पट्ट्या त्याच 18, मग प्रत्येकीच्या वाट्याला 3 मिलिमीटर. तुम्ही 5 च्या 5 तशाच पुढं नेल्यात, म्हणून त्या गर्दीत एकमेकींवर चढल्या, महाद्वार रोडला दिवाळीच्या आधी चढतात तशा. प्रत्येक पट्टी पुढच्या तिसऱ्या भागात 5 वरून 3 वर उतरवायची. निम्म्याहून बारीक मात्र करायची नाही, नाहीतर टोकाला लाकूड राहतच नाही. तशी वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी एकच पुढं न्यायची. शेपटाकडं बऱ्याचदा उलटं होतं, तिथं जागा उरते, मग पाचरीसारखा तुकडा घालायचा.

हिशेब बघणाऱ्या माणसाला हे गणित सोपंच. प्रत्येक फासळीवर घेर मोजा, भागाकार करा, फासळीच्या कडेवर पेन्सिलनं खुणा करा. एक अख्खी संध्याकाळ जाईल, पट्टी एकही लागणार नाही, आणि ती संध्याकाळ वाया गेली असं वाटेल. ती सोडू नका. मोजताना साधी पट्टी घ्या हे सांगायला नकोच.

त्याच्याही आधी फासळ्यांच्या कडा बघा. किटातून त्या काटकोनात येतात. पट्टी नाळेकडं वळते तेव्हा काटकोनी कडेच्या टोकावर नुसती टेकते, अंगभर बसत नाही. पुढच्या फासळ्यांची पुढची कड आणि मागच्यांची मागची कड उतरती करायची. लाकडी ठोकळ्याला 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि एका वेळी तीन फासळ्यांवरून फिरवा, म्हणजे उतार आपोआप जुळतो. तो काळेपणाही निघतो, जळक्या लाकडाला गोंद धड धरत नाही. अधूनमधून एक मोकळी पट्टी वरून ठेवून बघायची. पट्टी आणि फासळी यांच्यामध्ये उजेड दिसला की अजून काम आहे. नाकाला फडकं बांधा, हा भुसा फार बारीक असतो.

वाकवायला मी बरंच काय काय करून बघितलं. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावून वाफ काढायचा प्रयोगही केला, त्यानंतर आमच्या घरात कुकरला हात लावायची मला बंदी आहे. साधी रीत चांगली. पट्टी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवायची, पुसायची, इस्त्रीच्या कडेवर हळूहळू वळवायची, मग ओलीच फासळ्यांवर कपड्याचे चिमटे लावून रात्रभर वाळू द्यायची. गोंद दुसऱ्या दिवशी. ओल्या पट्टीला त्याच दिवशी गोंद लावलात की ती वाळताना आकसते आणि फट पडते. तुमच्या फटी बहुतेक अशाच आल्यात.

आता एक गोष्ट जी किटाच्या पुस्तिकेत चित्रानं असते आणि नवीन माणसाचं तिकडं लक्ष जात नाही. तुमच्या बीगलला दोन थर आहेत. हा पहिला, जाड पट्ट्यांचा. त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा पातळ दुसरा. लोकांना दिसतो तो दुसरा. पहिल्या थरात फटी राहिल्या तर भुशात फेव्हिकॉल कालवून त्याची लांबी (पुट्टी) भरा, खड्डे बुजवा, सगळं घासून अंडं करा. कुणालाही कळणार नाही. फक्त आकार खरा पाहिजे, कारण वरचा थर आतल्याचंच रूप घेतो.

हे लिहिताना मला तुमच्या आण्णांचं काम आठवत होतं. पॅटर्न वाळूत जातो, बाहेर येतो, फडताळात पडून राहतो. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, इंजिनात जातं, पंपात जातं, लोक इंजिन बघतात. कोल्हापूरची ऑइल इंजिनं सगळीकडं गेली, त्यातल्या एकाही शेतकऱ्यानं पॅटर्न कुणी केला असं विचारलं नसेल. न दिसणारा थर नेमका का करायचा हे ज्याला समजावून सांगावं लागणार नाही असा माणूस तुमच्याच घरात आहे, टीव्हीसमोर.

मग त्यांना ओढायचं कसं? ओढायचं नाही. ‘आण्णा, या की बसू’ हे तुम्ही बहुतेक दहा वेळा म्हटलं असेल. त्यात त्यांना ऐकू येतं, ‘आण्णा, तुम्हाला काही उद्योग नाही’. आणि खोटं निमित्त काढून तर अजिबात जाऊ नका. मुद्दाम केलेली चूक कारागिराला लांबून कळते, आणि आपल्याला लहान पोरासारखं खेळवतायत हेही कळतं. तुमच्याकडं खऱ्या अडचणींचा काही दुष्काळ नाही. त्यातली एक न्या.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. दोन सरळ पट्ट्या घ्या, एक पहिल्या फासळीवर आडवी, एक शेवटच्या फासळीवर. एक डोळा मिटून पुढच्या पट्टीवरून मागची बघा. सांगाडा सरळ असेल तर दोन्ही एका रेषेत, पीळ असेल तर कात्रीसारख्या. पीळ बघायची ही सुतारांची जुनी रीत, आण्णांनी हजारदा केली असणार. सांगाडा असाच्या असा जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि रविवारी सकाळी त्यांचा पेपर वाचून झाला की एकच प्रश्न विचारा: ‘हा पीळ मधून निघालाय की टोकातून?’ या प्रश्नाचं उत्तर मलाही इथून देता येत नाही, तुम्हाला येत नाही, बघितल्याशिवाय कुणालाच येणार नाही. त्यांना येईल. तुम्हाला ते खरंच हवंही आहे, कारण शिकंजा कुठं लावायचा ते त्यावर ठरणार.

उत्तर दिलं तर ऐका, त्याप्रमाणे करा, बस. लगेच हातात पटाशी देऊ नका. डोळ्यात पाणी आणू नका. दादाला फोटो पाठवू नका! रविवारी त्याचा फोन येतो तेव्हा ‘आण्णा लागले की कामाला’ असं तो स्पीकरवर म्हणाला रे म्हणाला की तीन महिने गेले. दादाला आधीच सांगून ठेवा, जहाजाचं नाव काढायचं नाही.

दुसऱ्यांदा जायचं निमित्तही खरंच येईल. आठ पट्ट्या काढताना दोनतीन मोडतील आणि किटात जास्तीच्या फार नसतात. दीड मिलिमीटर जाड, शिरा सरळ असलेल्या, गाठ नसलेल्या पट्ट्या टिंबर मार्केटमध्ये कुठं कापून मिळतील, हे त्यांना विचारा आणि गाडीवर मागं बसवून घेऊन जा. लाकडाच्या वखारीत शिरल्यावर तुमचे आण्णा टीव्हीसमोरच्या आण्णांसारखेच वागतात का, ते मला कळवा. बारीक कानशी, पिनव्हाइस (बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल), केसाएवढी ड्रिलची पाती लागली की गुजरीच्या आसपास सोनारांची हत्यारं विकणाऱ्यांकडं जा. छंदाची म्हणून विकतात त्या पेट्यांपेक्षा सोनाराचं हत्यार कधीही भारी.

एक धोका सांगून ठेवतो. समजा आण्णा बसले. चांगला कारागीर दुसऱ्याचं काम बघत नुसता बसू शकत नाही. आठवड्याभरात ते तुमच्या हातातली पट्टी काढून घेतील, ‘असं न्हवं, असं’ म्हणत. महिन्याभरात जहाज त्यांचं होईल आणि तुम्ही चहा आणून द्याल. आईला हे फार गोड वाटेल. मला नाही वाटत. पत्रात आण्णांवर तुम्ही दहा ओळी लिहिल्यात आणि जहाजावर दोन पानं, नाकाशी फट किती, गोंद कुठं सुटला, सगळं मापासकट (छापताना आम्ही ते आटोपतं घेतलंय). नाद तुम्हाला लागलाय. तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवून घ्या: डावी बाजू त्यांची, उजवी तुमची, एकानं एक पट्टी लावली की दुसऱ्यानं एक. जहाजालाही तेच हवंय, वर सांगितलंच. त्यांच्या बाजूची पट्टी बसलेली बघून तुम्हाला तुमची काढून परत लावावीशी वाटेल, ते चालेल. त्यांनी तुमची काढलेली चालणार नाही, हे तोंडावर सांगा. कोल्हापूरचा माणूस आहे, उलट उत्तर दिलं तर खूश होईल.

दोर बांधायचं काम मात्र तुमच्याकडंच ठेवा. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीला दोन्ही अंगांनी दोरांच्या शिड्या, आणि शिडीच्या प्रत्येक पायरीला गाठी. 1:60 म्हणजे साडेपाच फुटी खलाशी 28 मिलिमीटरचा. त्याचा पाय मावेल एवढं त्या पायऱ्यांमधलं अंतर. सदुसष्टाव्या वर्षी डोळ्यांना ते सोसत नाही, छत्तिसाव्या वर्षीसुद्धा सलग तासभर करू नका. दोरा मेणातून ओढून घ्या म्हणजे तूस बसतं. शिडं लावायचीच असली तर कापड आईकडून चहात बुडवून घ्या, पांढरंफेक शीड रुमालासारखं दिसतं. मशीनची शिलाई मात्र नको, या मापात एकेक टाका दोरखंडाएवढा दिसतो. पेन्सिलची रेघ पुरते.

आण्णा नाहीच आले तर? तर नाही आले. चार दशकं लाकडाबरोबर काढून एखाद्याला लाकूड नको झालं असेल, तो त्यांचा हक्क आहे. जहाज हे काही औषध नव्हे. त्यांची झोप उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, रंकाळ्याची चक्करही बंद होत चालली असेल तर मात्र पट्ट्याबिट्ट्या बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

छोट्या किटाबद्दल विचारलंत. नव्या माणसाला मी नेहमी एका डोलकाठीची छोटी होडीच सांगतो. पहिलंच जहाज म्हणून 104 तोफांचं व्हिक्टरी घेणारे कमी नाहीत, आणि त्यांच्या पोटमाळ्यावरची खोकी मी बघितली आहेत. बीगल मधलं आहे, तोफा थोड्या, दोर पुष्कळ. कोरं खोकं घेऊन माझ्याकडं आला असतात तर थांबा म्हटलं असतं. आता सांगाडा उभा आहे, चूक कळली आहे, पहिला थर झाकला जाणार आहे. नवं किट आणू नका, हेच करा.

पावसाळा तोंडावर आहे, तेवढं सांभाळा. आपल्याकडच्या जुलैत लाकूड फुगतं, गोंद वाळायला दुप्पट वेळ घेतो. पट्ट्या ज्या खोलीत लावणार तिथंच आधी चारपाच दिवस मोकळ्या ठेवा, खोक्यात बांधून नको. दुसरा, पातळ थर पाऊस सरल्यावर लावा. घटस्थापनेनंतर लावलात तरी कुणी विचारणार नाही.

आण्णा बोलते झालेच तर त्यांना एक गोष्ट सांगा, माझ्याकडून. तुमचं बीगल 1820 साली पाण्यात उतरलं, 1831 च्या डिसेंबरात डार्विनला घेऊन निघालं, पाच वर्षांनी परत आलं, आणि 1870 साली मोडीत विकलं गेलं. त्याच ब्रिटिश आरमारानं त्याच सुमारास एक जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांकडून बांधून घेतलं होतं, ट्रिंकोमाली, 1817 चं. सगळं सागवानी. ते इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय. पॅटर्नमेकरला सागवानाबद्दल आपण काही शिकवायचं नसतं, पण हे ऐकून ते काय म्हणतात ते मला ऐकायचंय.

आणि ती पट्टी आज त्यांच्या पेटीत होती तिथं परत ठेवा. ठेवताना, ‘आण्णा, हिचे 300 म्हणजे 303 व्हय?’ एवढं मोठ्यानं म्हणा, टीव्हीच्या आवाजावरून ऐकू जाईल असं.